जागा जुनैदनं शोधली होती

कामरगाव
२९ जानेवारी

जुनैद,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून पत्र. अकोल्याला मामूंच्या दुकानाचा पत्ता तुझ्या बहिणीकडून घेतला. यूसरानं विचारलं, "कायले पाह्यजे?" मी म्हटलं, कुरिअर पाठवायचं आहे. तिनं पत्ता सांगितला आणि दार लावून घेतलं.

लिहायला बसलं की हातात शाळेतली मराठी येते. बोललो असतो तर तुले-मले म्हटलं असतं. तू हसशील. हस.

मानोऱ्याच्या संस्कृतीताईचं प्री-वेडिंग शूट रत्नागिरीला करून आलो. दिवाळीनंतर आपण दोघांनी फिरून ठरवल्या होत्या त्याच जागा. तुला कळलंच असेल की संस्कृतीताईचा पाय मोडला. दोन ठिकाणी. तिथंच ऑपरेशन करून रॉड टाकला. आता ती मानोऱ्याला घरी आहे. लग्न पुढं ढकललं आहे. अपघात होता. समुद्रापुढं कोणाचं चालत नाही.

जागा मात्र सगळ्या तू म्हणाला होतास तशाच निघाल्या. जेट्टीच्या पायऱ्यांवर सकाळी कोणी नव्हतं. निळी उलटी होडी अजून तिथंच होती. दीपगृहाखालच्या वळणावर तू पायानं रेघ मारून म्हणाला होतास, "इथं उभा राह्य, याच्या मागं सरकला तं फोटो मेला." मी रेघेवरच ट्रायपॉड लावला. काळ्या वाळूवर पांढरा गाऊन फारच उठून दिसला. माणसं अशा जागा शोधायला महिना महिना घालवतात. आपण चार दिवसांत शोधल्या.

या वेळी बजेट कमी होतं म्हणून मी एकटा गेलो, हे तुला सांगितलंच होतं. तू निरोप न घेता अकोल्याला का गेलास, ते कळलं नाही. चाचा, तुझे अब्बा, बरे आहेत. दुकान चालू आहे.

लग्नसराई तोंडावर आहे. तू नाहीस तर ड्रोन कोण उडवणार?

तुझा
हरीओम


कामरगाव
१२ फेब्रुवारी

जुनैद,

उत्तर आलं नाही. यायला नकोच होतं. मागच्या पत्रात मी लिहिलं की तू का गेलास ते कळलं नाही. मला माहीत आहे.

चाचांचं गादीचं दुकान माझ्या स्टुडिओसमोर आहे. चार जण रत्नागिरीचा जाब विचारायला आले तेव्हा मी काउंटरवर बसून होतो. दाराला काच आहे. तू आत कापूस भरत होतास. चाचांनी पुढं होऊन त्यांना बोलण्यात गुंतवलं आणि तू मागच्या दारानं गेलास. जाताना वळून रस्त्याच्या या बाजूला पाहिलंस. मी मान खाली घातली आणि कॉम्प्युटरवर कोणाचा तरी पासपोर्ट फोटो कापत राहिलो.

बजेटचंही खरं नाही. संस्कृतीताईचे काका, उदयसिंगकाका, बुकिंग करायला आले होते. सगळं ठरलं. उठताना म्हणाले, "तो तुमचा पार्टनर नोका आनू. पोरीचा मामला हाय. समजून घ्या." मी म्हटलं, ठीक आहे. त्यांना दुसऱ्यांदा म्हणावंसुद्धा लागलं नाही. तू शोधलेल्या सगळ्या जागा मी गाडीत घालून नेल्या. तुला इथं ठेवलं.

आता दवाखान्यातलं. ताईला आत नेलं होतं. काका व्हरांड्यात येरझारा घालत होते. होणारा नवरा, आसेगावचा शिवम, ओल्या कपड्यांत बाकड्यावर बसला होता. काका माझ्यासमोर येऊन थांबले.

"ही असली जागा कोनं दाखवली तुले?"

मी म्हटलं, "जागा जुनैदनं शोधली होती."

एवढंच. यातला एकही शब्द खोटा नाही. मी नंतर हे वाक्य पुष्कळ वेळा उलटसुलट करून पाहिलं. कुठंच खोटं सापडत नाही.

काका म्हणाले, "मले वाटलंच."

त्यांना काय वाटलं, ते मी विचारलं नाही. ते फोन काढून कोपऱ्यात गेले. मी जिथं उभा होतो तिथून ऐकू येत होतं. मी आणखी लांब जाऊन उभा राहिलो.

ते वाक्य माझ्याआधी गावात पोचलं. मी बसमधून उतरलो तर जानराव हॉटेलातूनच ओरडला, "काय बे, त्या पोट्ट्यानं मुद्दाम पाठवलं म्हने तुमाले पान्यात?"

मी म्हटलं, "जागा त्याची होती."

म्हणजे दुसऱ्यांदा. मग चहा प्यालो.

चाचांच्या दुकानासमोर दरवर्षी या दिवसांत कापसाचे ढीग असतात. आंदणाच्या गाद्यांना चाचांचाच हात लागतो, मानोऱ्यापासून लोक येतात. या वर्षी दोन ढीग आहेत आणि ते तसेच आहेत. एक जण ठरलेली गादी रद्द करायला आला होता. चाचांनी त्याला पाणी दिलं. मागच्या पत्रात मी लिहिलं, दुकान चालू आहे. दुकान उघडं असतं, एवढंच खरं.

हरीओम


कामरगाव
२ मार्च

जुनैद,

ताई पडली त्या खडकाबद्दल लिहितो.

आपण गेलो होतो तेव्हा तू रोज सकाळी त्या जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्यापाशी बसायचास. मी चिडायचो. उजेड चालला आणि तू गप्पा मारून राह्यला. तू म्हणायचास, "अबे, याईले पानी समजते. आपल्याले नळाचं बी समजत नाई." मग चहा संपवून उठायचास आणि सांगायचास, आज खाली उतरायचं, आज नाही. एकदा तू मला बजावून सांगितलंस की कालची वेळ आज चालत नाही, रोज पुढं सरकते. "पह्यले पूछ, मंग उतर." मी लेन्स पुसत होतो. हो म्हटलं.

मला माहीत नव्हतं, असं मी लिहिणार होतो. वर्तमानपत्रवाल्याला तसंच सांगितलं. आपल्याकडचा माणूस आहे, त्याला काय कळणार, असं सगळे म्हणाले आणि मला ते बरं वाटलं. आपल्याकडे पाण्याला वार असतो. नळ त्या वारी येतो, कॅनॉल त्या पाळीला सुटतो. नदीला पूर आला तर वरून येतो, आवाज करत येतो. आपण दोघं गेलो तेव्हा संध्याकाळी तो खडक उघडा होता, म्हणून संध्याकाळी तो उघडाच असणार, असं मी धरून चाललो. हे खरं आहे. पण तू सांगितलेलं मी ऐकलं होतं, हेही खरं आहे. ऐकलं आणि ते तुझं काम आहे असं समजून सोडून दिलं. उजेड मी पाहायचा, माणसांना तू विचारायचं, अशी आपली वाटणी होती. निघताना मी तुझ्या वाटणीचं काम कोणाला दिलं नाही. ते काम आहे हेच मला आठवलं नाही.

दुपारी उतरलो तेव्हा खडकापर्यंत कोरड्या वाळूनं चालत गेलो. उजेड अजून पांढरा होता. थांबलो. तो पिवळा व्हायला लागला तेव्हा वाळूचा पट्टा ओला झाला होता. मी पाहिलं. तुला वाटेल पाहिलं नसेल. पाहिलं होतं.

किनाऱ्यावरून एक माणूस हात हलवून ओरडत होता. मला वाटलं, जोडप्याला हटकतो आहे. आपल्याकडे तलावावर पोट्टे हटकतात तसा. काका गाडीतून उतरून त्याच्या अंगावर गेले. "परवानगी हाय आमची! लग्न ठरलं हाय याईचं!" तो आणखी काहीतरी बोलला, समुद्राकडं बोट केलं. मग खांदे उडवून निघून गेला. काका पुन्हा गाडीत जाऊन बसले.

संस्कृतीताई म्हणाली, "हरीओमदादा, पाय भिजून राह्यले. निघाचं का?"

मी म्हटलं, "एकच. लास्ट."

जुनैद, तुला माहीत आहे आपण 'लास्ट' किती वेळा म्हणतो.

गाऊन अमरावतीहून भाड्यानं आणला होता, मागं लांबच लांब घोळ असलेला. तो भिजला आणि खडकाच्या फटीत अडकला. लाट मोठी नव्हती. टीव्हीत दाखवतात तशी काही आली नाही. पाणी नुसतं वर आलं, आवाज न करता, आणि ती बसल्यासारखी खाली गेली. पाय दोन खडकांच्या मध्ये.

पुढचं पुन्हा लिहीन.

हरीओम


कामरगाव
१५ मार्च

जुनैद,

मानोऱ्याला गेलो होतो.

संस्कृतीताईची आई, दुर्गाबाई, दारात होत्या. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली. ताई खाटेवर होती, पाय उशीवर. मी खाली पाहत बसलो. तीच म्हणाली, "फोटोचं काय झालं?"

मी म्हटलं, सगळे आहेत, पाहिजेत तेव्हा देतो.

"तो शेवटचा हाय का?"

तो फोटो मी कोणाला दाखवला नव्हता. पुसलाही नव्हता. फोनमध्ये होता. दिला तिच्या हातात.

तिनं तो बोटांनी मोठा करून पाहिला. बराच वेळ पाहिला. म्हणाली, "चांगला आला."

खरंच चांगला आला आहे. असा फोटो मी कधी काढला नव्हता. हे लिहिताना लाज वाटते. उजेड तिच्या गालावर आहे. शिवम तिच्याकडं पाहतो आहे आणि ती पाण्याकडं.

"माह्या मागं पानी दिसून राह्यलं याच्यात," ती म्हणाली. "तुमाले दिसलं नव्हतं का?"

"दिसलं होतं."

"मंग?"

 बाहेर दुर्गाबाई भांडी घासत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मी पडली तवा तुमी माह्याजोळ होते," ती म्हणाली. "शिवमपेक्षा बी जोळ. तो तं पळालाच. तुमी वाकले. मले वाटलं माह्या हात धरता. तुमी कॅमेरा उचलला."

हो.

मागच्या पत्रात मी इथं येऊन थांबलो होतो. मी आधी कॅमेरा उचलला. बॅगही उचलली. दोन्ही डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यातून वाळूवर गेलो, नीट ठेवलं, पट्टा आत घातला. मग परत फिरलो. तेवढ्यात दुसऱ्यांदा पाणी चढलं आणि तिचं सगळं अंग अडकलेल्या पायावर फिरलं. हाड तेव्हा मोडलं. पहिल्यांदा नाही. डॉक्टरांना मी सांगितलं, पडली तेव्हा मोडलं.

तिनं हे आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं, का?

"वाट पाहून राह्यली होती. तुमी सांगसान म्हनून." मग म्हणाली, "आन तुमी सांगतलं तं काय सांगतलं? जुनैदनं जागा शोधली. तो तं तिथं नव्हताच ना, दादा."

तिनं काकांना हाक मारली. काका आले, बसले. ती म्हणाली, "सांगा आता काकाले."

मी सांगितलं. कोणालाही न विचारता उतरलो ते. लास्ट म्हणालो ते. कॅमेरा. बोलताना मी काकांच्या गळ्यातल्या गमछ्याकडं पाहत होतो. काकांनी तो काढला, घडी केली, मांडीवर ठेवला.

म्हणाले, "हे बाहेर कोठी बोलू नका."

मी म्हटलं, का?

"आसेगाववाले लग्नाले तयार होऊन राह्यले. त्याईचं म्हननं, बाहेरच्यानं घात केला, यात पोरीचा दोष नाई, आपला बी नाई. आता तुमी हे काढसान तं ते म्हनतीन, तुमीच ठरवला फोटोवाला, तुमीच बसले होते गाडीत." मग आवाज उतरवून म्हणाले, "मी त्या मानसाले हाकललं ना. मलेच मालूम हाय."

मला वाटलं, सुटलो. खरं सांगतो, त्या क्षणी तेच वाटलं. एका मुलीचं लग्न मोडू नये म्हणून गप्प राहायचं. केवढं चांगलं कारण मिळालं.

ताई म्हणाली, "माह्या लग्नाले जुनैदचं नाव कायले पाह्यजे?"

"तू नोको बोलू," काका म्हणाले.

"मीच बोलतो. पाय माह्या मोडला. जो पान्यात मले सोडून पळाला, त्याच्यासाठी कोना दुसऱ्याले कायले बुडवता?"

काका उठून बाहेर गेले. दुर्गाबाई पदराला हात पुसत आत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, मारतात. त्या म्हणाल्या, "तुमी जा आता. पन जिथं बोलले, तिथं जा."

बस उशिरा मिळाली.

हरीओम


कामरगाव
२२ मार्च, रविवार

जुनैद,

जिथं बोललो तिथं गेलो.

आधी चाचांकडं. रोजे चालू होते. चाचा सुई ओवत होते, आत चाची आणि यूसरा. मी उभ्यानंच बोलायला लागलो. चाचांनी हात वर केला. "मेरेको मत बता. मेरेको तो मालूम है मेरा बेटा कैसा है. जिनको बोला, उनको जाके बता." हुस्नाबानो चाची पडद्याआडून म्हणाली, "बैठने को मत बोलो उसको." लहानपणापासून त्या घरात मी खाली बसूनच जेवलो आहे. बसलो नाही.

मग जानरावच्या हॉटेलात. गर्दीची वेळ मुद्दाम निवडली. म्हटलं, जुनैद तिथं नव्हता. त्यानं विचारून उतर म्हणून सांगितलं होतं. मी विचारलं नाही. पोरगी पडली तेव्हा मी कॅमेरा वाचवला.

 मग एक जण म्हणाला, "म्हंजे तूच बुडवलं व्हय! चाल, सगळ्याईले कट चाय पाज आता." हसले. मीही थोडा हसलो असेन. सवय वाईट असते.

जानराव म्हणाला, "काहून उकरून काढून राह्यला बे? लोक विसरले होते."

"विसरले तं चाचाच्या दुकानात गिऱ्हाईक का नाही?"

"आता ते मले का माहीत. म्या का हाकललं?" मग चहाचं पातेलं ढवळत, माझ्याकडं न पाहता, "तुले त्याईनं काही देल्लं का बोलाले?"

आणखी दोघांनी हेच विचारलं. एकानं बाजूला घेऊन, काळजीनं विचारलं. खोटं दोनदाच सांगावं लागलं होतं, आणि तेही खोटं नव्हतं. हे मी रोज सांगतो आहे. ज्यांनी पहिलं वाक्य फॉरवर्ड केलं त्यांतल्या कोणीही हे फॉरवर्ड केलं नाही. मी स्वतःचा व्हिडिओ करून गावच्या ग्रुपवर टाकला. ॲडमिननं काढला. म्हणाला, वाद नको.

मानोऱ्याहून आलेल्या एका माणसानं परवा चाचांकडं गादीचं माप दिलं. एकच गिऱ्हाईक आहे. जास्त सांगत नाही. माझ्या उन्हाळ्यातल्या तारखा लोकांनी रद्द केल्या, ते बरोबर आहे. ताईच्या लग्नाचं काय झालं, मी विचारलं नाही. मला विचारायचा हक्क नाही.

काल ईद होती. तू आलास.

मी स्टुडिओत होतो. शटर गुडघ्याएवढं वर ठेवून आत बसतो हल्ली. दुपारी बाहेर दोन पाय येऊन थांबले. नवा पांढरा पायजमा काल सगळ्यांचाच होता, पण डावा पाय बाहेर टाकून उभं राहणं तुझंच.  तू हाक मारली नाहीस. समोरून कोणीतरी तुला ईद मुबारक म्हणालं, तू उत्तर दिलंस. आवाजही तुझाच. पाय तिथंच होते. शटर उचलायला मला उठून फक्त वाकायचं होतं.

मी उठलो नाही. पाय गेले.

संध्याकाळपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की तुला एकटं राहू द्यावं म्हणून उठलो नाही. हेही दवाखान्यातल्या वाक्यासारखंच आहे. यातही खोटं सापडत नाही.

आतापर्यंत जे लिहिलं, ते तू समोर नव्हतास म्हणून लिहिता आलं. अकोल्याच्या दुकानात तू पाकिटं फोडलीस की तशीच टाकलीस, मला माहीत नाही. आणि माहीत नाही, याचा मला आधार वाटायचा. यूसरानं सांगितलं, उद्या सकाळच्या गाडीनं तू परत जाणार आहेस. हे पत्र पेटीत टाकलं तर ते तुझ्या मागोमाग अकोल्याला येईल आणि मी इथं बसून राहीन.

म्हणून पाकीट आणलं नाही. पहिल्या चार पत्रांतलं मला पाठ आहे. हे पाचवं हातात आहे. तुझ्या दारात उभा राहून सगळं मोठ्यानं बोलणार आहे. चाचा, चाची ऐकतील, शेजारचेही ऐकतील. मध्ये थांब म्हणालास तर थांबेन. जा म्हणालास तर जाईन, पण सगळं बोलून झाल्यावर.

रविवार आहे. गल्लीत सगळे घरी असतील. असू देत.

निघतो.

हरीओम